इंग्रजी भट्टीत पडलेला रुमाल

अमेरिकेहून परतल्यापासून आमच्या गल्लीत मला एकच प्रश्न विचारला जातोय, "काय काय पाहिलंत?" लोकांना धबधबा हवा असतो, तो हातात मशाल धरलेला पुतळा हवा असतो. मी सांगते, "दारूची भट्टी पाहिली." समोरची बाई आधी हसते, मग मी हसत नाही हे पाहून घाईघाईनं भाजीच्या भावाकडे वळते. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. ज्यांना तिकडे जायचंय त्यांनी वाचावं. ज्यांना जायचं नाही त्यांनी तर जरूर वाचावं, म्हणजे त्यांचा निश्चय पक्का होईल.

ईडन प्रेरी

माझा थोरला भाऊ, आमचा दादा, मिनेसोटातल्या ईडन प्रेरी नावाच्या उपनगरात राहतो. नावाचा अर्थ म्हणे स्वर्गातलं कुरण. गवत भरपूर आहे हे खरं, पण ते खायला एक जनावर नाही. दर शनिवारी प्रत्येक घरचा पुरुष यंत्रावर बसतो आणि ते गवत कापून फेकून देतो. पुढच्या शनिवारी ते पुन्हा वाढलेलं असतं. उच्चशिक्षित माणसं आहेत सगळी.

दादा हृदयरोगतज्ज्ञ होता, आता निवृत्त आहे. चाळीस वर्षांपूर्वी तो तिकडे गेला. मागोमाग वहिनी गेली, तेव्हा तिनं आमच्या आईचं विरजण नेलं होतं. कसं, ते परदेशी गेलेल्या घरांतल्या बायकांना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगते. स्वच्छ सुती रुमाल दह्यात बुडवायचा, सावलीत कडकडीत वाळवायचा, घडी करून न्यायचा आणि तिथे कोमट दुधात टाकायचा. दही लागतं. वहिनीनं ते दही सदतीस वर्षं रोज लावलं. तीन वर्षांपूर्वी ती गेली. तेराव्याची गडबड, येणीजाणी, यात कुणाच्या लक्षात राहिलं नाही. दादानं फ्रिजमधली वाटी उघडली तेव्हा तिच्यावर हिरवी लव आली होती.

मी निघायच्या आधी त्याचा फोन आला. "कुमुद, खायचं काही आणू नकोस. चकल्या इथे मिळतात, बाकरवडी मिळते, न्यू जर्सीत आयसेलिनला गेलं तर लक्ष्मी रोड मिळतो. फक्त आईचं विरजण आण."

मी दोन रुमाल नेले. एक बिघडला तर दुसरा असावा. विमानतळावर अधिकाऱ्यानं विचारलं, खाण्याचं काही आहे का? मी म्हटलं, नाही. रुमाल कोण खातं?

पहिला रुमाल स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवला आणि झोपले. सकाळी उठते तो रुमाल धुऊन, वाळवून, इस्त्री करून माझ्या उशाशी. दादाच्या लेकीनं, ईशानं, ही सेवा केली होती. ईशा तिशीची, जन्मानं अमेरिकन. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलताना तीन शब्दांवर दमते. "आत्या, इट वॉज लाइक टोटली स्टिफ. अँड इट स्मेल्ड. सो आय वॉश्ड इट."

मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही. दुसरा रुमाल कागदात गुंडाळून माझ्या पर्सच्या आतल्या कप्प्यात गेला आणि पर्स माझ्या खांद्यावर. न्हाणीघरातही बरोबर नेत होते.

तो लगेच का नाही वापरला? तर दुधामुळे. मी सरकारी दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत बत्तीस वर्षं काढली आहेत, दुधाची मला लाज राखावी लागते. दादाच्या फ्रिजमधल्या दुधाला साय येत नाही, ते नासत नाही, महिना महिना तसंच पांढरंफेक बसून राहतं. दूध कसलं, डिस्टेंपर! असल्या दुधात माझा शेवटचा रुमाल घालायला मी तयार नव्हते.

ईशानं यावर तोडगा काढला. तिच्या कामाच्या गावाजवळ एक गोठा होता, तिथे साय येणारं दूध मिळत असे. "तू माझ्याबरोबर चल. दूध घेऊ, अँड... माझी ब्रुअरी बघ. प्लीज."

आता या ब्रुअरीबद्दल. ईशा बायोकेमिस्ट्रीत मास्टर्स झाली, औषधांच्या कंपनीत चांगल्या पदावर लागली आणि दोन वर्षांपूर्वी ते सोडून बिअर करायला गेली. दादानं मिरजेला आम्हाला कळवलं होतं की ईशा 'फूड इंडस्ट्रीत' आहे. दर शनिवारी हा माणूस आपल्या डॉक्टर मित्रांबरोबर स्कॉच घेतो. बारा वर्षं जुनी, अठरा वर्षं जुनी, अशी तिची कुंडली मांडतो. प्यायला चालते, करायला चालत नाही. लेकीच्या ब्रुअरीत त्यानं दोन वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं.

निघताना तो गाडीपाशी आला आणि तिला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाला, "कुमुद, बघून ये. कसली जागा आहे, कसली माणसं आहेत. तू सांगशील ते मी मानेन."

गाडी सुरू झाल्यावर ईशा म्हणाली, "ही टोल्ड यू टू इन्स्पेक्ट मी, राइट?"

"हो."

"गुड," ती म्हणाली, पण तिचे हात स्टिअरिंगवर आवळलेले मला दिसले.

मिसिसिपीच्या काठचं एक गाव

गावाचं नाव देत नाही, कारण पुढे जे झालं त्यात माझाच हात आहे.

दीड तास मक्याची शेतं पाहत गेलो. मका संपला की सोयाबीन, सोयाबीन संपलं की मका. आधी गोठ्यावर थांबून दूध घेतलं. ते मात्र दूध होतं. बाटली हलवली तर सायीचा गोळा गळ्याशी येऊन अडकत होता. शीतपेटीत बर्फात ठेवून आम्ही पुढे निघालो.

ब्रुअरीच्या दारावर पाटी होती: हिस्टॉरिक इंग्लिश ब्रुअरी. खाली साल होतं, ते मी उतरवून घेतलं नाही. ईशानं सांगितलेला इतिहास असा, की यॉर्कशरहून आलेल्या एका इंग्रजानं ती बांधली. मग दारूबंदी आली, बंद पडली, मध्ये तिथे फर्निचरचं गोदाम होतं, मग कोंबड्यांच्या खाद्याचं, आणि बारा वर्षांपूर्वी आताच्या मालकानं ती पुन्हा सुरू केली. म्हणजे इतिहासातला बराचसा काळ तिथे खुर्च्या आणि कोंबड्यांचं खाद्य होतं. आमच्या मिरजेत याच्या दुप्पट जुन्या आडावर बायका धुणं बडवतात, पाटी लावत नाहीत.

मालकाचं नाव ग्रॅहम. जन्म शेजारच्याच तालुक्यातला, पण डोक्यावर चौकड्यांची टोपी, अंगात वेस्टकोट आणि बोलणं असं की जणू आत्ताच बोटीतून उतरला आहे. इंग्लंडला किती वेळा गेलात, असं मी विचारलं. एकदा, दहा दिवस, म्हणाला. ज्यांनी इंग्रजांना हाकलायला युद्ध केलं त्यांचेच पणतू आता पैसे देऊन इंग्रज होतात. आपल्याकडे हा रोग फुकट लागतो.

आधी जेवण. फलकावर 'प्लोमन्स लंच' होतं, म्हणजे नांगरट करणाऱ्याचं जेवण. शाकाहारी एवढंच दिसलं म्हणून तेच मागवलं. पाटावर आलं: पावाचा तुकडा, चीजचा तुकडा, एक सफरचंदाची फोड, काळपट गोड लोणचं, आणि कच्चा कांदा. तोही बुक्कीनं फोडलेला नाही, चकत्या करून, वर कोथिंबिरीची काडी खोचलेली. आमच्याकडे बांधावर भाकरीबरोबर कांदा खातात तो भूक लागते म्हणून, त्यासाठी कुणी आरक्षण करत नाही. मी कांदा संपवला. शेजारच्या टेबलावरच्यांनी तो बाजूला काढून ठेवला होता, नुसता नांगरटीचा देखावा बघायला आल्यासारखं.

मग भट्टी. मी तोंडानं 'भट्टी' म्हणाले तेव्हा ईशानं विचारलं, "व्हॉट्स भट्टी?"

"तू जिथे काम करतेस ते."

"भट्टी," तिनं म्हणून पाहिलं. "आय लाइक इट."

तिला कसं सांगावं की आमच्याकडे या शब्दामागे 'धाड' हा शब्द येतो!

दहाबारा पाहुण्यांचा घोळका होता. सगळ्यांच्या डोक्याला जाळ्या घातल्या. आत लाकडी जिना, वर कठडा, आणि कठड्याखाली दोन मोठ्या चौकोनी टाक्या. उघड्या! झाकण नाही, काच नाही. आमच्या डेअरीत साहेबानं असली टाकी पाहिली असती तर संध्याकाळपर्यंत अर्धा विभाग निलंबित झाला असता. इथे मात्र ही यॉर्कशरची परंपरा. डोक्याला जाळी आणि टाकी उघडी, म्हणजे दाराला कुलूप आणि भिंतीला भगदाड. टाकीत वरती हातभर जाड, पिवळसर, लोण्यासारखा फेस चढला होता. वास भिजवलेल्या सातूचा, लापशीचा आणि शिळ्या पावाचा.

"ही माझी," ईशा हळूच म्हणाली आणि डावीकडची टाकी दाखवली. "माय ओन रेसिपी. फर्स्ट वन. तीन आठवड्यांनी ओपन होईल. बाबांना बोलवायचंय."

तेवढ्यात ग्रॅहमसाहेबांनी टोपी सारखी केली आणि कथा लावली. हा फेस म्हणजे आमचं यीस्ट. आमच्या मूळ मालकानं बोटीतून, मातीच्या बरणीत, छातीशी धरून इंग्लंडहून आणलं. तेच आजही जिवंत आहे. या टाकीवरचं काढायचं, पुढच्या टाकीत घालायचं. कधी तुटलं नाही. बायका 'ओऽऽ' म्हणाल्या. एका माणसानं डोळे पुसले. दारूबंदीत हे यीस्ट कुठे होतं, कोंबड्यांच्या खाद्यात का, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं.

"पुढे वाका," तो म्हणाला. "खोल श्वास घ्या."

मी वाकले. बत्तीस वर्षं प्रयोगशाळेत काढलेल्या बाईनं हे करायला नको होतं. उघड्या टाकीवर कार्बन डायऑक्साइड साचतो हे मला ठाऊक होतं. नाकात सुया टोचल्यासारखं झालं, डोळ्यांत पाणी आलं, काही दिसेना. पर्समध्ये हात घातला आणि हाताला आला तो रुमाल नाकाला लावला.

रुमाल कडक होता. त्याला आंबूस वास होता, आमच्या स्वयंपाकघराचा. हे लक्षात आलं आणि त्याच क्षणी मला शिंक आली.

डोळे उघडले तेव्हा रुमाल ईशाच्या टाकीत फेसावर पडला होता. फेस इतका दाट की तो बुडाला नाही, नुसता पसरला. कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे ग्रॅहमच्या बरणीत गुंतले होते.

खरं सांगते, मी गप्प राहायचा विचार केला. पूर्ण दोन श्वास मी तो विचार केला. रुमाल हळूहळू बुडेल, कुणाला कळणार नाही, मीही दहा दिवसांनी मिरजेला. पण उद्या ईशा याच फेसातलं यीस्ट काढणार आणि पुढच्या टाकीत घालणार. विरजणाचे जंतू त्याच्याबरोबर जातील, आणि त्यानंतर जी जी बिअर आंबट होऊन नासेल, तिचं कारण ती जन्मभर स्वतःच्या हातात शोधत बसेल.

"ईशा, माझा रुमाल पडला."

ती वळली. "ओह, इट्स ओके आत्या, काढते मी."

"नाही, ओके नाही. त्यात विरजण आहे."

"व्हॉट इज दॅट?"

"तुझ्या आजीचं दही. तू धुतलास ना, तसला दुसरा." तिच्या चेहऱ्यावर अजून काही उमटेना, तेव्हा मी एकच शब्द म्हटला, "लॅक्टोबॅसिलस."

तिचा चेहरा उतरला. आत्याभाची असून इतकी वर्षं आम्हाला एकमेकींची भाषा नीट आली नव्हती, ती त्या एका लॅटिन शब्दात आली.

पुढचं तिनं जे केलं ते मी नीट पाहिलं, कारण मी पाहायलाच आले होते. ओरडली नाही. पाहुण्यांना खाली पाठवलं. हात धुऊन, चिमटा उकळत्या पाण्यातून काढून तिनं रुमाल अलगद उचलला. त्याचा एक कोपरा फेसाच्या वर राहिला होता, कोरडा. तो तिनं निर्जंतुक कात्रीनं कापून एका बाटलीत ठेवला आणि बाटलीवर वेळ लिहिली. मग ती ग्रॅहमसमोर उभी राहिली आणि म्हणाली, पाहुणी माझी, टाकी माझी, चूक माझी, हे सगळं ओतून द्यावं लागेल. माझ्याकडे तिनं बोट दाखवलं नाही.

मी मध्ये पडले. माझ्या इंग्रजीत ठासून सांगितलं की शिंक माझी होती. ग्रॅहम टोपी काढून टक्कल पुसत होता. घाबरल्यावर त्याचं इंग्लंड पार गळून पडलं आणि तो मिनेसोटाचा झाला. "इट्स फाइन," तो ईशाला म्हणाला, "यीस्टची काळजी करू नकोस. कॅलिफोर्नियाहून गुरुवारी नवीन पार्सल येतंच आहे."

मी ईशाकडे पाहिलं. ईशा छताकडे पाहू लागली.

नाव मोठं, लक्षण खोटं! छातीशी धरलेली बरणी, अखंड परंपरा, रडणारा तो पाहुणा, आणि यीस्ट येतं कुरिअरनं!

ईशानं खालचा नळ उघडला. तिची पहिली बिअर गटारात जायला बराच वेळ लागला. ती शेवटपर्यंत तिथेच उभी होती, आणि मी तिच्या शेजारी.

परतीच्या रस्त्यावर

परत मका, परत सोयाबीन. ग्रॅहमच्या नावानं मी अर्धा तास बोटं मोडली. लबाड, बहुरूपी, लोकांना रडवतो. "निदान आमचं विरजण तरी अस्सल आहे," मी म्हटलं.

ईशा रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "हाऊ डू यू नो?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं आणि आजीचं सेम आहे, हे कसं माहीत? टेस्ट केलंस?"

मी खिडकीबाहेर पाहिलं. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, हेच खरं. गेली पंचवीस वर्षं मी ज्याला आईचं विरजण म्हणते ते आईचं नाही. आई गेली त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात मी लेकीच्या बाळंतपणाला महिनाभर नागपूरला होते. परत आले तो दह्याला तार सुटलेली. पलीकडच्या शहनाजभाभींकडून वाटीभर विरजण आणलं. त्यांचे मिस्टर सतारी करतात, आमचं वर्षानुवर्षांचं जाणंयेणं. तेव्हापासून आमच्या घरी लागतं ते त्यांच्या घरचं दही. वहिनीकडे आईचं खरं होतं, ते तीन वर्षांपूर्वी हिरव्या लवेखाली गेलं. दादाचा फोन आला तेव्हा हे सांगायला हवं होतं. मी "आणते" म्हटलं.

हे सगळं मी ईशाला सांगितलं. मला वाटलं ती हसेल.

"सो यू आर ग्रॅहम," ती म्हणाली.

तिनं ते हसत म्हटलं नाही. मला राग आला आणि मग आला नाही.

घरी पोचल्यावर दही मी लावलं नाही, तिला लावायला सांगितलं. तिनं दूध तापवलं, थर्मामीटर घातला, मला विचारून विचारून निववलं, तो कोपरा सोडला आणि पातेलं ओव्हनमध्ये नुसता दिवा लावून ठेवलं. "भट्टी," ती ओव्हनचं दार लावताना म्हणाली.

पुन्हा ईडन प्रेरी

सकाळी दही लागलं होतं. चमचा उभा राहील असं घट्ट. वास किंचित वेगळा, त्यात कुठेतरी भिजल्या सातूची आठवण होती.

दादानं वाटी पुढे ओढली. साखर नको म्हणाला. पहिला घास घेतला आणि डोळे मिटले.

"कुमुद," तो म्हणाला, "आईच्या हातचं. काही म्हण, चाळीस वर्षांत चव बदलली नाही."

ओट्याशी ईशा उभी होती. ती माझ्याकडे पाहत नव्हती, मुद्दाम. 'हो' म्हणणं किती सोपं होतं! ग्रॅहम रोज दोनदा म्हणतो, आणि लोक आनंदानं डोळे पुसतात.

"विरजण आईचं नाही, दादा," मी म्हटलं. "ते केव्हाच गेलं. हे शहनाजभाभींच्या घरचं आहे. मी तुला सांगितलं नाही. आणि लावलंय ते मी नाही. ईशानं लावलंय. काल मी तिची अख्खी टाकी नासवली, त्यातूनही तिनं एवढं वाचवलं."

मग भट्टीत काय झालं ते सगळं सांगितलं. बोट न दाखवता ती मालकासमोर कशी उभी राहिली, तेही सांगितलं. तू सांगशील ते मानेन, असं तो म्हणाला होता. आता माझं कुठलंही म्हणणं मानायला त्याच्याकडे कारण उरलेलं नव्हतं.

दादा वाटीकडे पाहत राहिला. मला वाटलं आता वाटी बाजूला सारेल. त्यानं चमचा उचलला आणि उरलेलं दही खाल्लं, सावकाश, वाटी खरवडून. रिकामी वाटी ईशापुढे केली.

"अजून आहे?"

तिनं वाढलं.

"ईशा, किती वाजता उघडते तुझी भट्टी?"

"बाबा, टाकी एम्प्टी आहे. बघायला काही नाहीये."

"मग रिकामी बघतो," दादा म्हणाला, आणि दह्यात चमचा घातला.